पाणी एक, कचेऱ्या अनेक



या पाठात आपण आपल्या शिवाराची एक फेरी मारणार आहोत. फेरी माळाच्या माथ्यावर सुरू होईल आणि गावच्या विहिरीपाशी संपेल. वाटेत झाडे लागतील, शेते लागतील, नाला लागेल, उकिरडाही लागेल. प्रत्येक ठिकाणी आम्ही आपणांस एकच गोष्ट विचारू. याची काळजी कोणत्या कचेरीने घ्यायची, आणि आपण काय करायचे?

कुणी म्हणेल, "गुरुजी, कचेऱ्यांशी आमचा काय संबंध? ती साहेब लोकांची कामं. आम्ही आपली शेती बघावी." मंडळी, पिण्याच्या पाण्याशी आपला संबंध आहे की नाही? शेतातल्या मातीशी आहे की नाही? मग कचेरीशीही आहे. आता आपणांस वाचता येते, सही करता येते. कचेरीच्या भिंतीवरचा फलक आता आपल्यासाठीही आहे.

१. आपला मुलूख

देगलूर तालुका नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. बाजारात उभे राहिले तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारी भाषा कानावर पडतात. पाण्याला मात्र भाषा नाही आणि सीमाही नाही. लेंडी नदी उदगीरच्या बाजूने येते, मुखेड आणि देगलूर तालुक्यांतून वाहते आणि मांजरेला मिळते. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. ती लातूरकडून कर्नाटकात बीदरकडे जाते, तिथून तेलंगणात उतरते, पुन्हा आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर येते आणि गोदावरीला मिळते. म्हणजे वरच्या गावाने पाणी नासवले तर खालच्या गावाला ते नासलेलेच मिळणार. आपणही कुणाच्या तरी वरचे गाव आहोत आणि कुणाच्या तरी खालचे.

आता दोन गोष्टी आठवा.

पहिली २०१६ सालची. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाण्यासाठी भांडणे होऊ लागली. टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. शेवटी सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. तिला १० डबे होते आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते.

दुसरी ऑगस्ट २०२५ ची. आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यात रात्रीतून जोराचा पाऊस झाला. लेंडीच्या काठी हसनाळ आणि आसपासच्या गावांत पाणी शिरले. माणसे दगावली, जनावरे वाहून गेली. लष्कराला बोलवावे लागले.

पाहा बरे. मुलूख तोच. एका वर्षी पाण्यावाचून हाल, दुसऱ्या वर्षी पाण्याने हाल. असे का होते? आपला पाऊस बारा महिने पडत नाही. तो थोड्या दिवसांत धो धो पडतो. माळ उघडा असला तर ते पाणी थांबत नाही. माती घेऊन पळते. पळताना पूर आणते, आणि पळून गेल्यावर दुष्काळ ठेवून जाते.

थोडा हिशेब करू. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला, तर किती पाणी झाले? सुमारे १ लाख लिटर. म्हणजे पाच एकरांवर एक इंच पाऊस झाला की ५ लाख लिटर पाणी झाले. लातूरची ती पहिली गाडी जेवढे पाणी घेऊन आली, तेवढे पाणी पाच एकरांचा कास्तकार एका चांगल्या सरीत आपल्या रानातून वाहून जाताना बघतो. सगळे पाणी अडवता येत नाही, हे खरे. काही पिकाला हवे, काही नदीलाही हवे. पण त्यातला थोडा वाटा जमिनीत मुरवता आला तरी गावाचा उन्हाळा सुसह्य होतो.

२. माळाचा माथा

आता फेरीला निघू. माथ्यावर एक तर वनाची जमीन असते, नाही तर गायरान असते. वनाची जमीन वन विभागाकडे. त्यांचा गावाकडचा माणूस म्हणजे वनरक्षक. गायरान सरकारचे असले, तरी त्याची देखरेख ग्रामपंचायतीकडे असते. रस्त्याच्या कडेला आणि पडीक जागेवर झाडे लावायचे काम सामाजिक वनीकरणाचे.

माथ्यावर गवत आणि झाडे असली की पावसाचा थेंब सरळ मातीवर आदळत नाही. मुळे माती धरून ठेवतात. पाणी हळू चालते. जे हळू चालते ते मुरते.

झाडे लावायला सगळेच पुढे येतात. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडे लावायचा संकल्प केला होता. पण रोप लावणे हे एका दिवसाचे काम, आणि ते जगवणे निदान तीन वर्षांचे. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? शेळ्यांपासून कोण राखणार? हे आधी ठरले नाही, तर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावावे लागते.

एक कायदाही लक्षात ठेवा. झाडे तोडण्याबाबतचा कायदा आपल्या राज्यात १९६४ साली झाला. आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडे आपल्या स्वतःच्या शेतातली असली, तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

३. उतार आणि शेते

माथ्यावरून खाली आलो की उताराची शेते लागतात. इथली काळजी कृषी विभागाची आणि आपली स्वतःची. ज्याला आपण कृषी सहायक म्हणत आलो, तो या विभागाचा गावाकडचा माणूस. उताराला आडवे चर खोदणे, बांध घालणे, शेततळे घेणे या कामांची माहिती त्याच्याकडे मिळते.

पेरणी उताराला आडवी करा, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांनाही माहीत होती. उभ्या तासाने पाणी सरसर खाली जाते. आडव्या तासात ते अडते. त्यासाठी सरकारचा एक पैसाही लागत नाही. कापूस असो, तूर असो, सोयाबीन असो, नियम एकच. बांध फोडून दोन तास जास्त पेरण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. दोन तासांचे धान्य किती? आणि वाहून गेलेली माती किती? तीच माती खाली जाऊन नाल्यात आणि तलावात बसते.

४. नाला आणि बंधारा

उतार संपला की नाला लागतो. नाल्यावर मातीचा बांध असेल, सिमेंटचा बंधारा असेल, किंवा वरच्या बाजूला पाझर तलाव असेल. इथे मृद व जलसंधारण विभाग आला. १०० हेक्टरांपर्यंत भिजवणारी छोटी कामे जिल्हा परिषदेकडे असतात. त्याहून मोठी जलसंधारण विभागाकडे. आणि मोठी धरणे, कालवे जलसंपदा विभागाकडे. तेव्हा अर्ज करण्याआधी हे काम कुणाच्या ताब्यात आहे, ते विचारून घ्यावे. नाही तर एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते आणि आपल्या चपला झिजतात.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण पाहिला असेल. त्याच्या दारांत फळ्या बसवायच्या असतात. पावसाळ्यात फळ्या काढून ठेवायच्या, म्हणजे पुराचे पाणी आणि गाळ निघून जातो. परतीचा पाऊस संपत आला की त्या बसवायच्या, म्हणजे शेवटचे पाणी अडते. ठरल्या वेळी फळ्या बसल्या नाहीत, किंवा त्या चोरीला गेल्या, तर लाखो रुपयांचा बंधारा नुसता पूल म्हणून उभा राहतो. फळ्या कुठे ठेवल्या आहेत आणि त्या कुणी बसवायच्या, हे गावात प्रत्येकाला ठाऊक असावे.

तलावात गाळ साचतो. तो काढून शेतात टाकण्यासाठी २०१७ साली राज्याने "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना आणली. तलाव खोल होतो आणि हलक्या रानाला कस येतो. एका कामात दोन कामे.

५. गाव, रस्ता आणि उकिरडा

नाल्याच्या काठाने आता आपण गावाजवळ आलो. इथे गटार आहे, उकिरडा आहे, रस्ता आहे. गटार आणि कचरा ही ग्रामपंचायतीची कामे. रस्ता गावातला असेल तर ग्रामपंचायतीचा, दोन गावांमधला असेल तर बहुधा जिल्हा परिषदेचा, मोठा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. रस्त्याखालची मोरी बुजली, तर पाणी शेजारच्या घरांत आणि शेतांत शिरते. म्हणून मोरीही पाण्याच्याच हिशेबात धरावी. देगलूर शहरापुरती ही कामे नगरपरिषद करते.

गाव झाडण्याची शिकवण आपल्याकडे नवी नाही. गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. त्यांच्याच नावाने २०००-०१ सालापासून राज्याने ग्रामस्वच्छता अभियान चालवले. पण त्या काळच्या कचऱ्यात शेण, राख, पालापाचोळा असे. त्याचे खत होई. आजच्या कचऱ्यात प्लास्टिक आहे. ते कुजत नाही. गाय ते खाते आणि तिचे पोट फुगते. जाळले तर विषारी धूर होतो. गटारात टाकले तर गटार तुंबते. राज्याने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. बाजाराला जाताना कापडी पिशवी घेतली, तर बंदी पाळायला शिपाई लागत नाही.

ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. ओल्याचे खत करा. सांडपाण्यासाठी घराजवळ शोषखड्डा घ्या. मच्छर कमी होतील आणि पाणी जमिनीत जाईल.

६. विहीर आणि नळ

फेरीचा शेवटचा मुक्काम पिण्याच्या पाण्याचा. इथे तर कचेऱ्यांची जत्राच असते. नळयोजना जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाची. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर केले. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असे त्याचे ध्येय ठरले. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. ती १९७२ साली स्थापन झाली. विहिरीत टीसीएल पावडर टाकायचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे. पाणी पिण्याजोगे आहे की नाही, यावर नजर आरोग्य विभागाची.

आरोग्य सेवक वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाणवठ्याच्या आजूबाजूची पाहणी करतात. त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळते. हिरवे म्हणजे धोका कमी. पिवळे म्हणजे सावध राहा. लाल म्हणजे धोका मोठा. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड आहे? हा प्रश्न उद्याच ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.

आणखी एक. पाणी दिसायला काचेसारखे असले, म्हणजे ते चांगलेच असते असे नाही. रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. काही भागांत खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरते. ते जास्त झाले तर दात पिवळे पडतात आणि पुढे हाडे दुखू लागतात. ते तपासणीनेच कळते.

सार्वजनिक पाणवठ्याचे रक्षण व्हावे म्हणून १९९३ साली कायदा झाला. गावच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेण्याला त्याने मनाई केली. कारण उघड आहे. एकाची खोल बोअर सगळ्यांची विहीर आटवू शकते.

७. समजा असे एक गाव आहे

आपली फेरी पुरी झाली. आता एका गावाची कल्पना करा. गावाचे नाव काहीही असो.

त्या गावात एका खात्याने नाला खोल केला. दुसऱ्या खात्याने नाल्याकाठी झाडे लावली. तिसऱ्याने नाल्याकाठी विहीर खोदून नळ दिला. चौथ्याने रस्ता बांधला. प्रत्येकाने आपले काम पुरे केले आणि कागदावर तसे लिहिले. गावाला उकिरड्यासाठी जागा नव्हती, म्हणून कचरा नाल्याच्या त्याच काठावर पडू लागला. मोरी बुजली. पहिल्या मोठ्या पावसात कचऱ्याचे पाणी विहिरीत उतरले. घरोघर जुलाब सुरू झाले.

मग ग्रामसभा भरली. एक म्हातारी उठली.

"भाऊसाहेब, नाला झाला म्हणता, झाडं लागली म्हणता, नळ आला म्हणता. समदं झालं. मग माझ्या नातवाला हगवण कशानं लागली?"

ग्रामसेवक म्हणाले, "आजी, तुमचं खरं आहे. पण नाला आमच्याकडं नाही, तो दुसऱ्या खात्याचा."

"आन् उकिरडा?"

"उकिरडा आपल्या पंचायतीचा."

"आन् इहीर?"

"विहिरीची पाहणी आरोग्यवाले करतात."

म्हातारी म्हणाली, "मग लेकरू कुणाचं, ते सांगा."

सभेत कुणी बोलले नाही.

मंडळी, म्हातारीच्या बोलण्यात या पाठाचे सार आहे. खाती वेगवेगळी असणे यात गैर काही नाही. झाडांचे ज्ञान वेगळे, पाण्याचे वेगळे, औषधाचे वेगळे. पण ही सारी कामे एकाच उतारावर, एकाच पाण्यावर होतात. त्यांचा एकत्र हिशेब कुणी ठेवला नाही, तर प्रत्येकाचे काम पुरे होऊनही गाव आजारी पडते. आणि हा हिशेब ठेवायला सर्वांत जवळचा कोण? जो रोज ते पाणी पितो तोच.

८. सरकारने काय करून पाहिले

खात्यांची मोट बांधावी, हे सरकारलाही पटले होते. डिसेंबर २०१४ मध्ये राज्याने जलयुक्त शिवार अभियान जाहीर केले. कृषी, जलसंधारण, वन, भूजल, जिल्हा परिषद अशी खाती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एकत्र बसवली. गावकऱ्यांसोबत शिवार फेरी करायची, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग कामे ठरवायची, अशी ती रीत होती. दरवर्षी ५ हजार गावे टंचाईमुक्त करायचा बेत होता. पुष्कळ कामे झाली. पुढे देशाच्या महालेखापालांनी तपासणी केली. त्यांचा अहवाल २०२० साली विधिमंडळापुढे आला. तपासलेल्या अनेक गावांत पाण्याची गरज भागली नव्हती आणि झालेल्या कामांची देखभाल नीट होत नव्हती, असे त्यात दिसले. अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला.

२ ऑक्टोबर २०२० रोजी गांधी जयंतीला राज्याच्या पर्यावरण विभागाने माझी वसुंधरा अभियान सुरू केले. त्याची मांडणी पंचमहाभूतांवर आहे. भूमी म्हणजे झाडे आणि कचरा. वायू म्हणजे स्वच्छ हवा. जल म्हणजे नदी, विहीर, सांडपाणी. अग्नी म्हणजे वीज आणि सौरऊर्जा. आकाश म्हणजे लोकांना माहिती देणे आणि जागे करणे. पहिल्या वर्षी ६८६ नगरपालिका आणि ग्रामपंचायती त्यात उतरल्या. नंतर ती संख्या हजारांवर गेली. प्रत्येकीला कामाचे गुण मिळतात, शाळेतल्या परीक्षेसारखे.

आम्ही बरीच वर्षे परीक्षा घेतल्या. त्यामुळे गुणांचा उपयोग आणि त्यांची मर्यादा या दोन्ही आम्हांस ठाऊक आहेत. गुणांमुळे मुलगा अभ्यासाला बसतो, हे खरे. पण काही मुले गुणांपुरतेच पाठ करतात आणि सुटीत विसरतात. गावाने तसे करू नये. फोटोपुरते झाड लावले तर गुण मिळतील, सावली मिळणार नाही.

९. हिवरे बाजारने काय केले

अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव आहे. पूर्वी त्या जिल्ह्याला अहमदनगर म्हणत. तिथे पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. दुष्काळाला कंटाळून लोक गाव सोडून मजुरीला जात. १९८९ साली पोपटराव पवार यांची सरपंच म्हणून निवड झाली. पुढे १९९२ साली राज्याने आदर्श गाव योजना काढली आणि गाव त्यात सामील झाले.

गावाने आधी स्वतःला नियम लावून घेतले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असेही ठरवले. मग रोजगार हमी, वन, कृषी अशा वेगवेगळ्या योजनांचा पैसा त्यांनी एकाच आराखड्यात, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, क्रमाने वापरला. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींचे पाणी मोजायचे आणि ग्रामसभेत ठरवायचे, यंदा कोणते पीक घ्यायचे. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग पिकांचे. पाणी कमी असेल त्या वर्षी जास्त पाणी पिणारे पीक नाही. गेलेली माणसे परत आली. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

त्यांच्याकडे जादू नव्हती. खाती तीच, योजना त्याच. फरक इतकाच की त्या जोडायचे काम गावाने आपल्या हाती घेतले.

१०. आपण काय करायचे

पहिले काम. ग्रामसभेला जायचे. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येकजण तिचा सभासद, मग तो बाप्या असो की बाई. सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली जी संख्या कमी असेल, तेवढी हजर असावी लागतात. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी महिला सभा घ्यायची असते. पाणी भरायचे काम बहुतेक घरांत बायाच करतात. विहिरीचे खरे दुखणे त्यांनाच माहीत असते. म्हणून त्यांनी बोललेच पाहिजे.

दुसरे काम. गावचा विकास आराखडा वाचायचा. ग्रामपंचायत दरवर्षी तो तयार करते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी असा नियम होता, की गावाला मिळालेल्या १०० रुपयांपैकी ३० पिण्याच्या पाण्यावर आणि ३० स्वच्छतेवर खर्च व्हावेत. आपल्या गावात ते कशावर खर्च झाले? सभेत विचारा. रागाने विचारू नका, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा.

तिसरे काम. अर्ज लेखी द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जासोबत १० रुपये भरावे लागतात. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

चौथे काम. फलकावरची नवी नावे ओळखायची. ग्रामसेवक या पदाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. दारावरची पाटी बदलली म्हणून गोंधळू नका. काम तेच आहे.

अर्ज कसा लिहावा, त्याचा नमुना पाहा.

दिनांक: ............
प्रति, सरपंच, ग्रामपंचायत ............, तालुका देगलूर, जिल्हा नांदेड.
विषय: विहिरीजवळचा कचरा हलवणे आणि पाणी तपासणे याबाबत.
महोदय, आमच्या वस्तीच्या पिण्याच्या विहिरीजवळ नाल्याकाठी कचरा पडतो. पावसात ते पाणी विहिरीत उतरते. तरी कचऱ्यासाठी दुसरी जागा ठरवावी, विहिरीचे पाणी तपासून त्याचा निकाल फलकावर लावावा, आणि हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा, ही विनंती.
आपला / आपली, ............ (सही)

खाली एकट्याची सही करू नका. वस्तीतल्या दहा-वीस जणांच्या सह्या घ्या. ज्या हातांनी काल अंगठा उठवला, त्यांनी आज सही केली, तर वाचायला शिकल्याचे चीज झाले असे आम्ही समजू.

अभ्यास

१. एक एकरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे किती लिटर पाणी होते? तुमच्या रानावर किती होईल?
२. उताराला आडवी पेरणी का करावी?
३. तुमच्या गावाजवळचा बंधारा कोणत्या खात्याचा आहे? त्याच्या फळ्या कुठे ठेवल्या आहेत?
४. गावच्या पाण्याला कोणत्या रंगाचे कार्ड आहे? विचारून वहीत लिहा.
५. "मग लेकरू कुणाचं?" या म्हातारीच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? घरी सर्वांशी बोला.
६. वरील नमुन्याप्रमाणे आपल्या गावाच्या एका अडचणीचा अर्ज लिहा. पुढच्या वर्गाला येताना तो सोबत आणा. आपण मिळून तो तपासू आणि पोच घेण्यासाठी पंचायतीत नेऊ.

शब्दांचे अर्थ

शिवार – गावाची सगळी जमीन. ताळेबंद – जमा आणि खर्चाचा मेळ. मोरी – रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट. पोच – अर्ज मिळाल्याची सही व शिक्का. आराखडा – कामाची आधी ठरवलेली मांडणी.